केरबाला भरती ठाऊक नव्हती

मंगेश,

रविवारी सकाळी दहाला सुरू झालेला डाव दुपारी बारा वाजून गेल्यावर संपला. तुझी चाल तुझ्याच अक्षरातून वाचली गेली. तुला जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. घडलेले त्याच दिवशी लिहून हातावेगळे करायचे ही माझ्या पेपरच्या नोकरीची सवय. हे मात्र मंगळवारी लिहिते आहे, कारण रविवारी आणि सोमवारी एका जागी बसवतच नव्हते. ते दुःखामुळे नव्हे. निकालाच्या दिवशी मुले घरभर फिरत राहतात, तसे झाले होते.

निकाल तुला सांगायचा आहे. पण मधले काही गाळले की तू ‘परत सांग’ म्हणायचास. म्हणून क्रमाने सांगते. तुझ्याशिवाय इतरही हे वाचतील, त्यांना खेळ काय होता ते आधी कळायला हवे.

आपण चौघे सहा वर्षे फोनवर एक खेळ खेळत होतो. त्यात चित्रे नव्हती, गोळीबार नव्हता, गुण नव्हते. सगळे लिहून चालायचे. अनघाने एक मुलूख कल्पिला होता: सात खाड्या, एक गड आणि भरपूर चिखल. त्या मुलखातले एकेक पात्र आपण घेतले. पात्र काय करते, काय बोलते ते आपण लिहायचे; त्यातून पुढे काय घडले ते अनघा लिहायची. किहीमला तिच्या नारळीच्या वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. पाहुण्यांचा नाश्ता उरकला की ती मुलूख चालवायला बसायची. शकील दिघी-आगरदांडा फेरीबोटीवर इंजिन सांभाळतो, तो खेळात हकीम झाला. मी झाले केरबा, माळरानावरून आलेला, समुद्र कधी न पाहिलेला नकाशेवाला. आणि सहा फूट उंचीचा, झुपकेदार मिशांचा, दोन ट्रकांचा मालक असलेला तू पारूबाई झालास. खाडीच्या बांधावर उघाडी सांभाळणारी म्हातारी. उघाडी म्हणजे बांधातले दार. ओहोटीला उघडून शेतातले पाणी सोडायचे, भरतीला बंद करून खारे पाणी अडवायचे. तुझ्या घरची मिठागरे तू लहान असतानाच बंद झाली. बांधावरची माणसे तुझ्या बोलण्यात राहिली.

फोनवर आपले दोन गट होते. एकाचे नाव ‘घर’; तिथे फक्त पात्रांनी बोलायचे. दुसऱ्याचे नाव ‘पडवी’. तिथे आपण आपण. पहिल्याच महिन्यात तू नियम घातलास, पडवीत जे कळते ते चपलांसारखे पडवीतच काढून ठेवायचे. घरात पात्र जाते, आपण जात नाही. अनघाने आधी याच गोष्टीची दोन पानी नियमावली पाठवली होती, ती कुणी वाचली नाही. तुझा नियम एका शब्दात मावला. कुणाच्या पात्राला नसती अक्कल सुचली की बाकीच्यांनी लिहायचे: ‘चपला!’

सगळ्यात जास्त चपला शकीलच्या निघाल्या. एकदा पडवीत अनघाच्या तोंडून निसटले की गडाच्या सरदारावर विषप्रयोग होणार आहे. दुसऱ्याच मिनिटाला घरात हकीम हजर, हातात विषावरचा उतारा. तिघांनी एकदम ‘चपला!’ लिहिले.

“हकीम हाय मी. औषध जवळ नको?” शकील म्हणाला.

“शकीलभाय, रोज असतं का जवळ?” तू विचारलेस.

“आजपासून असणार.”

माझ्यावर ती पाळी आली तो दिवस मला तपशिलासह आठवतो. त्या दिवशी द्वितीया होती. मुलखातला समुद्र त्या त्या दिवसाच्या खऱ्या तिथीप्रमाणे चालेल असे अनघाने ठरवले होते, म्हणजे तिला वेगळी आकडेमोड नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीडच्या सुमारास. साडेअकरा वाजले होते आणि केरबाला वाळूच्या पट्ट्यावरून बेटावरच्या बुरुजापर्यंत जायचे होते. पट्ट्यावर पाणी चढू लागले होते. मी लिहिले, ‘केरबा सावलीत बसून भाकरी खातो. संध्याकाळपर्यंत थांबतो. मग चालत बुरुजाकडे जातो.’

अनघाला त्यात काही वावगे दिसले नाही. शकीलला दिसले नाही. ती पुढचे लिहायलाही लागली होती. तू तेव्हा उरणकडच्या बंदरात कंटेनर भरायच्या रांगेत उभा होतास. चार मिनिटांनी तुझा एक शब्द आला: ‘चपला!’

मी पडवीत आले. “कसल्या चपला? काय चुकलं?”

“संध्याकाळपर्यंत कशाला थांबला तो?”

“पाणी ओसरायला.”

“ओसरंल हे त्याला कुणी सांगितलं?”

“अरे, हे काय सांगावं लागतं?”

“ताई, तुला ठाव हाय. केरबाला न्हाय. त्यानं दर्या आज पयल्यांदा बघितला.”

अनघाने लिहिले, “बाई गं.” शकीलने लिहिले, “मंग्या, तू माणूस आहेस का कोण आहेस?” आपण चौघेही याच किनाऱ्यावरचे. शिकलेली गोष्ट बाजूला ठेवता येते, कारण ती कधी आणि कुठे शिकलो ते आठवते. भरती आपण शिकलोच नव्हतो. ती माहिती आहे हेच मला माहीत नव्हते.

मी वाक्य मागे घेतले आणि केरबाला पाण्यात उतरवले. सहा वर्षांतली ती पंचवीस मिनिटे मी कशाशीही बदलणार नाही. ढोपरभर पाणी, आणि ते तेवढेच राहणार असा त्याचा विश्वास. कमरेपर्यंत पाणी आले तेव्हा त्याला वाटले, जमीन खचते आहे. मागे वळून पाहिले तर जिथून निघाला ती वाळू जागेवर नव्हती. पाणी उतारावरून येते एवढे माळावरच्या माणसाला ठाऊक. हे पाणी सपाटीवरून, कसलाही आवाज न करता वर येत होते. मी लिहीत होते आणि मलाच पुढचे दिसत नव्हते. या किनाऱ्यावर जन्म काढून मी त्या दिवशी भरती पहिल्यांदा पाहिली. केरबाचे नकाशे वाहून गेले. तोही जायचा, पण पारूबाईने होडी घातली, त्याला बखोटीला धरून आत ओढले, कानशिलात दिली आणि म्हणाली, “मेल्या, पाण्याला इचारून उतरतात.” मग तिने त्याला झोपडीत नेऊन पेज पाजली. पुढच्या वर्षांतले जवळजवळ सगळे त्या पेजेतून निघाले.

आपण समोरासमोर भेटलो ते मोजून तीन वेळा. मांडव्याची भेट मला महत्त्वाची वाटते, कारण वाद तिथे पेटला. बोटींचे वेळापत्रक बदलले म्हणून प्रवासी चिडले होते, त्याची बातमी घ्यायला मी आले होते. तू मेव्हणीला मुंबईच्या बोटीत बसवायला आला होतास. धक्क्यावर उभे राहून आपण कांदाभजी खाल्ली. मी म्हटले, चपला वगैरे ठीक आहे, पण मुळात हे अशक्य आहे. जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवता येत नाही. माणूस फक्त तसे दाखवतो.

“तू पेपरवाली ना?” तू म्हणालास. “छापू नका म्हणून लोक तुला कायबाय सांगतात. छापतेस?”

“नाही.”

“मग? तिथं ठेवतेस ना बाजूला? वीस वर्सं ठेवतेस. केरबासाठी वीस मिन्टं न्हाय ठेववत?”

“छापत नाही, पण माझे प्रश्न बदलतात. कुणाला फोन करायचा, कुणाला नाही, काय आधी विचारायचं, हे सगळं त्या न छापलेल्या गोष्टीवरून ठरतं. वाचणाऱ्याला दिसत नाही एवढंच.”

तू भजी खायचा थांबलास. “मग तुझे प्रश्न खोटे,” म्हणालास.

मला राग आला होता. बोट सुटली, तुझ्या मेव्हणीने हात हलवला आणि वाद तिथेच राहिला. त्यानंतर वर्षभर आपण तो पडवीत चालवला. तू म्हणायचास येते, मी म्हणायचे येत नाही. अनघाने शेवटी या विषयावर बंदी घातली. तू आठवड्याने पुन्हा काढलास.

मग तुझा तो फोन. दुपारची वेळ, मागे ट्रकांचे हॉर्न.

“ताई, मोठी चाल लिहिली हाय. अनघाला पाकिटातून देणार. तुला एकदा सांगू?”

तुझी ही पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. रविवारी गाडी कुठे असेल याचा भरवसा नसल्यामुळे तू चाली आधीच लिहायचास, भाड्याच्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूला. गुप्त चाल असली की पाकिटात घालून, किहीमकडे भाडे लागले की अनघाच्या फाटकातल्या डब्यात टाकून पुढे जायचास.

मी हो म्हणायच्या आत तू सुरू झालास. केरबाचा सातही खाड्यांचा नकाशा पुरा होत आला होता. गडाच्या सरदाराला तो नकाशा बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. त्याने पारूबाईला फितवले होते. केरबा नकाशा घेऊन तिच्याकडे येणार, पौर्णिमेच्या भर उधाणाला. झोपडीत जायला उघाडीवरची फळी ओलांडावी लागते. तो फळीवर आला की पारूबाई दोर ओढून दार उचलणार आणि भरतीचा लोंढा फळी, नकाशा आणि केरबा यांना एकदमच घेऊन जाणार.

“मला का सांगतोयस?” मी ओरडलेच. “मी केरबा आहे!”

“तू ताई हायस. केरबा वेगळा,” तू म्हणालास आणि हसत फोन ठेवलास.

आपले शेवटचे बोलणे ते. दोन आठवड्यांनी तू जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस.

तुझ्या घरी मी आणि अनघा आलो होतो. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तुझ्या थोरल्या भावाने विचारले, तुम्ही कोण? मी म्हटले, आमची खेळातली ओळख. ते म्हणाले, “मंग्यानं कबड्डी सोडून लय वर्सं झाली.” मी कबड्डी नव्हे असे म्हणायला हवे होते. म्हटले नाही. तुझी मिशी आणि पारूबाई त्या अंगणात एका वाक्यात सांगता येण्यासारखी नव्हती. तुझ्या वहिनींनी मात्र अनघाकडे पाहून विचारले, “मुलूख तुमचाच ना?” त्यांना ठाऊक होते. त्या म्हणाल्या, “चाल लिवताना लय हसत होता.” मी मान खाली घातली. चाल कोणती, ते मला कळले होते आणि अनघाला नव्हते. फाटकातल्या डब्यात मिळालेले पाकीट तिने फोडले नव्हते.

तिसऱ्या दिवशी अनघाने पडवीत विचारले, थांबायचे का? शकीलने लिहिले, “थांबायचं कशाला? त्यानं लिहून ठेवलंय. खेळायचं.” पुढची पौर्णिमा रविवारीच निघाली. केरबाचा नकाशा पुरा झालेला होता. तो पारूबाईकडे जाणार हे सगळ्यांना दिसत होते. कुठल्या वाटेने, एवढे मी ठरवायचे होते.

वाटा दोन. एक बांधावरून, फळी ओलांडून थेट झोपडीशी. दुसरी डोंगराच्या कडेने, मागच्या बाजूने, लांबची. बांधावरून गेलो तर केरबा संपला, सहा वर्षे सांभाळलेला माणूस. डोंगराने गेलो तर वाचला, आणि मांडव्याच्या धक्क्यावर मी जे म्हटले होते ते खरे ठरले: ठाऊक असलेले बाजूला ठेवता येत नाही. म्हणजे फसवणूक केली तर केरबाही माझा आणि वादही माझा. प्रामाणिक राहिले तर दोन्ही गेले.

आणि सबब तयार होती. केरबा नकाशेवाला, शेवटचा नकाशा उंचावरून ताडून पाहावासा वाटला तर त्यात नवल काय? डोंगरवाटेला चांगले कारण होते. अनघाने मान्य केले असते, शकीलने शब्द काढला नसता. मी वाक्य लिहूनही ठेवले. चांगले वाक्य होते.

मग मी त्या वाक्याला कार्यालयात बातमीला विचारतात तो प्रश्न विचारला. ही माहिती कुठून आली? केरबाला हे आत्ताच का सुचले? तुझा फोन आला नसता तर सुचले असते का? मी सहा वर्षांचे ‘घर’ वरपासून वाचायला घेतले. शुक्रवारची रजा टाकली. शनिवारही त्यातच गेला. केरबा पारूबाईकडे अकरा वेळा गेला होता. अकराही वेळा बांधावरून. एकदा बांध निम्मा खचलेला असताना, एकदा तापात. दर वेळी फळीच्या अलीकडे थांबून हाक मारायची, “पारूबाय, पेज हाय का?” आणि उत्तराची वाट न पाहता फळीवर पाय ठेवायचा.

तेव्हा वाट ठरली. पण दुसरी अडचण उभी राहिली आणि ती जास्त वाईट होती. मी प्रामाणिक आहे हे दाखवण्यासाठी माझा केरबा नेहमीपेक्षा भोळा होऊ लागला. पहिल्या मसुद्यात तो गाणे म्हणत फळीवर चढला. हा माणूस सहा वर्षांत कधी गायला नव्हता. मुद्दाम आंधळे व्हायचे तर कुठे पाहायचे नाही हे आधी ठाऊक असावे लागते. मी ते खोडले. दुसरा मसुदाही खोडला. शेवटी मागच्या अकरा खेपांतली वाक्ये समोर ठेवली आणि तेवढ्याच लांबीचे बारावे लिहिले.

रविवारी दहाला अनघाने मुलूख उघडला. शकीलला नेमके बोटीवर बोलावले होते. तो म्हणाला, दोन्ही धक्क्यांवर रेंज आहे, मध्ये मी नाही असे समजा. अनघाने गडावरची हालचाल लिहिली, वारा लिहिला, पाणी लिहिले. अकरा वाजता केरबा वाडीतून निघाला. साडेअकराला बांधावर आला. अनघाने लिहिले, ‘उधाण आहे. पाणी बांधाच्या वरच्या दगडाला लागले आहे. पारूबाई नेहमीसारखी उघाडीपाशी दोर धरून उभी आहे.’

समोर स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर अर्धवट चिरलेली भेंडी. मी चाळीस वर्षे ओलांडलेली बाई, आणि एका नसलेल्या माणसाला नसलेल्या फळीवर पाय ठेवायला लावण्याआधी मी गॅस बंद केला.

मी लिहिले, ‘केरबा थांबतो. हाक मारतो. पारूबाय, पेज हाय का? तो फळीवर पाय ठेवतो.’

पाठवले.

अनघाने लिहिले, ‘मंगेशचे पाकीट उघडते.’

नंतर तुझ्या अक्षराचा फोटो आला, भाड्याच्या पावतीच्या मागच्या बाजूवर निळ्या शाईतला. मी तो मोठा करून वाचला.

‘पारूबाईच्या हातात दोर हाय. केरबा फळीवर हाय. ती दोर ओढायला हात वर करते. मग कोयता घेते आणि दोरच कापते. दार खालीच. ती म्हणते, ये लौकर, पेज निवते. गडावर मला तुझ्याबद्दल काय काय सांगितलंय ते बसून ऐक.’

मी किंचाळले. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारले, काय गं, पाल का? मी म्हटले, नाही काकू, वाचला! कोण ते त्यांनी विचारले नाही.

त्याखाली रेघ मारून तू आणखी लिहिले होतेस. ‘अनघा, हे पाकीट उघडलंस म्हणजे ताई बांधावरून आली. मी तिला फोनवर सगळं खोटं सांगून ठेवलं होतं, तरी आली. वाद संपला. मी जिंकलो. हे पडवीत मोठ्यानं वाच.’

म्हणजे सापळा केरबासाठी नव्हताच. तो फोन हाच सापळा होता आणि तो माझ्यासाठी होता. मला आधी राग आला, मग हसू आले, मग पुन्हा राग आला. इतक्या दिवसांत तुझ्यासाठी रडू आले नव्हते, ते हसता हसता आले.

तेवढ्यात शकीलची बोट आगरदांड्याला लागली असावी. एकामागून एक निरोप आले. “काय झालं? मी खाडीत होतो. मेला का?” “थांबा, वाचतो.” “मंग्या!!” “ऑय, त्यानं दोर कापला!” “इथं धक्क्यावर लोक बघतायत माझ्याकडे.” आणि शेवटी, “गाड्या उतरायच्यात, मी रडतोय.”

बारा वाजून गेले होते. बाहेर खरी भरतीही एव्हाना ओसरू लागली असणार. अनघा पडवीत आली आणि तिने लिहिले, “एक सांगायचंय. पाकिटं दोन होती.”

दोन्हींवर तू बाहेरून लिहिले होतेस. एकावर ‘केरबा बांधावरून आला तर’. दुसऱ्यावर ‘केरबा डोंगरानं गेला तर’. आणि अनघाला ताकीद: जे लागेल तेच फोड. ते दुसरे तिच्या टेबलावर होते, बंद.

“उघड!” शकील म्हणाला. “उघड, उघड. ताई, सांग तिला.”

मला ते हवे होते. माझे आयुष्य दुसऱ्यांची बंद पाकिटे उघडली जावीत म्हणून खटपट करण्यात गेले आहे. मी डोंगराने गेले असते तर तू मला काय म्हणाला असतास? चिडला असतास की हसला असतास? केरबाला मारले असतेस, की त्यालाही सोडून देऊन मला पडवीत उभे केले असतेस? तू माझ्याबद्दल काय धरून चालला होतास, हे तुझ्या अक्षरात, एका टेबलावर, किहीममध्ये आहे.

मी लिहिले, “नको.”

“ताई, तू पेपरवाली ना? बातमी समोर पडलीय.”

“ती डोंगरवाटेने गेलेल्या बाईला लिहिली आहे. मी ती नाही. दुसऱ्याचं पत्र कसं वाचू?”

अनघाने ते जपून ठेवले आहे. तू मला अजून न सांगितलेले असे तेवढेच उरले आहे, आणि ते संपवायची मला घाई नाही.

पण मंगेश, वाद तू जिंकलास हे मला मान्य नाही. केरबाला फळीवर पाय ठेवायला एक क्षण लागतो. मला दोन दिवस, एक रजा आणि तीन मसुदे लागले. तुझा फोन मी कुठेच काढून ठेवला नव्हता. अकरा खेपा मोजताना, गाणे खोडताना, ‘पाठव’वर बोट ठेवताना तो माझ्याबरोबरच होता. मी बांधावरून गेले ते ठाऊक नसल्यासारखी नव्हे. पुरते ठाऊक असताना गेले; केरबाने विश्वासाने ठेवला तो पाय मी जाणूनबुजून ठेवला. या दोन गोष्टी एकच नाहीत. तू म्हणतोस तसे बाजूला ठेवता येते, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. माझी बाजू मी वर लिहिली आहे, तारीखवार नसली तरी क्रमाने. खोडून काढ.